फरशीचं मूळ गाव

फरशी आपण रोज झाडतो, पुसतो. तिच्या नावाची मात्र कुणी चौकशी करत नाही. त्यामुळे काही समजुती तशाच घट्ट बसून राहिल्या आहेत.

गैरसमज : फरशी म्हणजे मुळातच दगड.
वस्तुस्थिती : शब्द आला अरबी ‘फर्श’वरून, फारसीच्या वाटेनं. अरबीत या धातूचा अर्थ अंथरणं, पसरणं. फारसीत ‘फर्श’ म्हणजे आजही गालिचा. तंबू ठोकणारा, बिछायत घालणारा तो फरास आणि हे सामान ठेवायचं कोठार तो फरासखाना. पुण्यातल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात हाच शब्द आहे. आधी अंथरली जायची ती बिछायत. पुढे जमिनीवर अंथरलेल्या दगडालाही तेच नाव मिळालं.

गैरसमज : फरशी कुऱ्हाडीतली ‘फरशी’ हाच शब्द.
वस्तुस्थिती : ती फरशी संस्कृत ‘परशु’वरून आली. उच्चार एक, कुळं दोन.

गैरसमज : शहाबादी, कडप्पा, कोटा या दगडाच्या तीन जाती.
वस्तुस्थिती : हे तर पत्ते आहेत! शहाबाद हे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, कडप्पा आंध्र प्रदेशातलं, कोटा राजस्थानातलं. कोट्याच्या मोठ्या खाणी त्या जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या परिसरात आहेत. जात विचाराल, तर तिन्ही चुनखडक.

गैरसमज : ओट्याचा काळा कडप्पा म्हणजे ग्रॅनाइटच.
वस्तुस्थिती : ग्रॅनाइट तप्त शिलारस थिजून बनतो, चुनखडक साचलेल्या थरांतून. चुनखडकातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लानं विरघळतं. म्हणून कडप्प्यावर लिंबू, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसावं. शहाबादी किंवा कोटा फरशीही अ‍ॅसिडनं धुऊ नये; चकाकी जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो. ग्रॅनाइट अशा आम्लांना फारशी दाद देत नाही.

शब्दाचं मूळ कळलं की वस्तू नीट कळते, ती अशी. कडप्प्याच्या नावात तर घराचाच एक भाग लपला आहे. तेलुगूत ‘गडप’ म्हणजे उंबरठा. तिरुमलेच्या व्यंकटेशाकडे जाणाऱ्या वाटेवरचा उंबरठा म्हणून गावाला हे नाव पडलं, असं मानतात. त्या उंबरठ्याचा दगड आपल्या घरात आला, थेट ओट्यापर्यंत.