दिवा लागला पाहिजे

कोलशेतला नव्या घराचा ताबा मिळाला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, सगळे दिवे मोबाइलवर घेऊ." माझी आई ऐंशीची. तिला मोबाइल नको, भिंतीवरचं बटण हवं. तिथूनच माझी शोधाशोध सुरू झाली.

पहिली कसोटी हीच: इंटरनेट बंद असलं तरी बटणानं दिवा लागतो का? काही यंत्रणांचा प्रत्येक हुकूम दूरच्या सर्व्हरवर जाऊन येतो. कंपनीनं सर्व्हर बंद केला की खेळ संपला. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' हे उपकरण २०१६मध्ये असंच निकामी झालं. २०२२मध्ये 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर अचानक बंद पडले. म्हणून घरातल्या घरात काम भागवणारी यंत्रणा बरी.

दुसरी कसोटी: एकाच कंपनीला बांधून घेऊ नये. २०२२मध्ये आलेलं 'मॅटर' हे मानक पाळणारी वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र नांदू शकतात.

तिसरी: बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल वायर लागते. ती प्रत्येक बोर्डात आहे का, हे वायरमनकडून रंगकामाआधीच पाहून घ्या.

आम्ही दिवाणखान्यापुरतीच सुरुवात केली. आईच्या खोलीत साधं बटणच ठेवलं. रात्री उठल्यावर तिचा हात अंधारातही नेमका तिथंच जातो.