व्यापारी खासदार झाला तर मतदाराने काय बघायचं?

हरसूल : बाजारपेठेतला माणूस खासदार झाला की त्याच्याकडे दोन हिशेब येतात. एक धंद्याचा, दुसरा जनतेचा. हे दोन्ही वेगळे राहतात का, हे मतदारानेच बघायचं असतं.

वर्ध्याचे कमलनयन बजाज हे याचं जुनं उदाहरण. त्यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा. वडील जमनालाल बजाज हे वर्ध्याचे व्यापारी आणि गांधीजींचे जवळचे सहकारी. १९४२ मध्ये वडील गेले आणि धंद्याचा भार कमलनयन यांच्यावर आला. पुढे १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा ते वर्ध्यातून काँग्रेसचे खासदार झाले. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्या काळी मोठा कारखाना काढायला सरकारी परवाना लागायचा. बजाज कंपनीला स्कूटर-रिक्षा बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला, तेव्हा कमलनयन सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. एवढ्यावरून गैर झालं असं म्हणता येत नाही. पण उमेदवाराची मालमत्ता आणि कर्ज कागदावर बघायची सोय तेव्हा मतदाराला नव्हती.

आता आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे शपथपत्रात लिहून द्यावेच लागतात. निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर ते मोबाईलवरही फुकट बघता येतं.

मत देण्याआधी त्यातला कर्जाचा रकाना जरूर वाचा. बँकेचं किती देणं आहे, सरकारचं काही थकलंय का, हे तिथंच कळतं.