पीएच.डी. झाली, पुढे काय?

आपल्या जिल्ह्यात ऊस लावला की कारखान्याकडे त्याची नोंद होते. क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि शेवटी काट्यावर भरलेले वजन, सारे कागदावर असते. पण पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत घालवून जीववैद्यकीय विषयात पीएच.डी. मिळवणारी मुलगी पुढे कुठे गेली, हे मात्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

हा प्रश्न केवळ पुण्या-मुंबईचा नाही. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे डॉक्टरेटची वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. अकोल्या-पाथर्डीच्या घरातले आईवडील साहजिकच विचारतात, एवढे शिकून पुढे काय?

उत्तर शोधायला माहिती तोकडी पडते. देशातील उच्च शिक्षणाच्या वार्षिक पाहणीत पीएच.डी.ला किती जणांनी प्रवेश घेतला आणि किती जणांना पदवी मिळाली, हे कळते. राष्ट्रीय क्रमवारीतही पदवी मिळवणाऱ्यांची संख्या मोजली जाते. २००९ च्या नियमानंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवले जाऊ लागले. थोडक्यात, प्रबंध सापडतो, पण तो लिहिणारा सापडत नाही!

अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात काही नामवंत विद्यापीठांनी एकत्र येऊन ही माहिती जाहीर करण्याचे ठरवले. तिथे रूढ होत गेलेल्या पद्धतीत तीन गोष्टी पाहतात. माणूस कोणत्या क्षेत्रात आहे: विद्यापीठ, सरकार की उद्योग? कामाचा मुख्य भाग कोणता: संशोधन, अध्यापन की आणखी काही? आणि प्रत्यक्ष हुद्दा काय? यात पोस्ट-डॉक ही नोकरी धरत नाहीत. ते पुढचे प्रशिक्षण मानतात. हे योग्यच आहे, कारण ती मुदतीची नेमणूक असते. म्हणून पदवीनंतर वर्षभराने केलेली मोजणी फसवी ठरते. पाच आणि दहा वर्षांनी पुन्हा पाहावे लागते.

आकड्यांतही एक गोम आहे. समजा, वीस जणांना पदवी मिळाली. पत्राला उत्तर आठांनी दिले आणि त्यांतले सहा प्राध्यापक आहेत. संस्था म्हणेल, आमचे ७५ टक्के प्राध्यापक झाले. पण विसांपैकी खात्रीचे सहाच, म्हणजे ३० टक्के. उरलेल्या बारांचा पत्ता नाही, हेही छापायला हवे. ज्यांचे बरे चालले आहे तेच बहुधा उत्साहाने उत्तर देतात, हे विसरू नये. विभाग लहान असेल, तर चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र द्यावेत, म्हणजे कुणाची खासगी माहिती उघडी पडत नाही.

प्राध्यापक न होता औषध कंपनीत किंवा रोगनिदान प्रयोगशाळेत जाणे म्हणजे अपयश नव्हे. पण ही शक्यता प्रवेशाआधी माहीत असावी. म्हणून मार्गदर्शकाला नम्रपणे विचारा: आपल्या मागच्या दहा विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, ते आज कुठे आहेत, आणि अर्ध्यावर किती जणांनी सोडले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)