परदेशातील उमेदवारी आणि कामाचा परवाना

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे पालक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येतात ते बहुधा घराच्या उताऱ्यासाठी, आणि तहसील कार्यालयात येतात ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. दाखले मिळतात, बँकेचे कर्ज मंजूर होते, मुंबईस जाऊन व्हिसाची मुलाखतही पार पडते. या धावपळीत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या देशात आपला मुलगा वा मुलगी शिकावयास निघाली आहे, त्या देशात तिला काम करण्याची परवानगी आहे काय? असल्यास केव्हापासून, किती काळ आणि कोणत्या अटींवर? वित्तशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न प्रवेशाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

याचे कारण या क्षेत्राच्या रिवाजात आहे. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी जशी आर्टिकलशिप, तशी अमेरिकेतील व ब्रिटनमधील मोठ्या बँका, गुंतवणूक संस्था आणि विमा कंपन्या यांच्याकडे उन्हाळ्याच्या सुटीतील उमेदवारी असते. तिलाच इंटर्नशिप म्हणतात. आठ-दहा आठवड्यांच्या या उमेदवारीत तरुणांची पारख होते आणि कायमच्या जागा बव्हंशी त्यांच्यातूनच भरल्या जातात. ज्याला उमेदवारी करता आली नाही, त्याला पदवीनंतर दार उघडणे कठीण जाते.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याला, वित्तव्यवहार नवा नाही. सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावोगावच्या पतसंस्था यांच्या हिशेबांतच येथील दोन पिढ्या वाढल्या आहेत. प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिज विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते, ही गोष्टही येथे सर्वश्रुत आहे. संगमनेर, श्रीरामपूर, लोणी किंवा नगर शहरातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास परदेशी वित्तशास्त्राची ओढ वाटावी यात नवल नाही. मात्र गाडगीळांच्या काळची परिस्थिती आज राहिलेली नाही. त्या वेळी भारतीय विद्यार्थी ब्रिटनमध्ये ब्रिटिश प्रजाजन म्हणून जात असे व तेथे काम करण्यासाठी त्यास निराळा परवाना लागत नसे. राष्ट्रकुलातील नागरिकांवर निर्बंध घालणारा ब्रिटिश कायदा १९६२ सालचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, ते शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे. आजच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीची वा कर्जाची मुदत तर सांभाळावी लागतेच, शिवाय त्या देशाच्या कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीही सांभाळाव्या लागतात.

शिक्षणाची अनुमती आणि कामाची अनुमती

अमेरिकेत शिकावयास जाणाऱ्यास मिळतो तो ‘एफ-१’ व्हिसा. १९५२ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांचे वर्ग अक्षरांनी पाडले, त्यांत विद्यार्थ्यांच्या वाट्याला ‘एफ’ हे अक्षर आले. हा व्हिसा शिक्षणाचा आहे, नोकरीचा नव्हे. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरचे काम, मग ते बँकेतील उमेदवारीचे का असेना, स्वतंत्र परवानगीवाचून केल्यास तो व्हिसाच्या अटींचा भंग होतो.

या परवानगीच्या प्रमुख वाटा दोन आहेत. पहिली वाट अभ्यासक्रमांतर्गत प्रत्यक्ष प्रशिक्षणाची. तिला तेथे ‘सीपीटी’ म्हणतात. उमेदवारी हा अभ्यासक्रमाचाच अविभाज्य भाग असेल तर विद्यापीठातील नियुक्त अधिकारी ही परवानगी देतो आणि विद्यार्थ्याच्या ‘आय-२०’ या कागदावर मालकाचे नाव व तारखा नोंदवितो. नोंदलेल्या तारखेच्या एक दिवस आधीही काम सुरू करता येत नाही. एका मालकासाठी मिळालेली परवानगी दुसऱ्याकडे चालत नाही. सर्वसाधारणपणे एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष पुरे केल्यावाचून ती मिळतही नाही. अभ्यासक्रमातच पहिल्यापासून प्रशिक्षण सक्तीचे असेल, अशा काही पदव्युत्तर शाखांपुरता याला अपवाद आहे. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने वा अधिक झाल्यास त्याच पातळीवरील पुढील वाट बंद होते.

ती पुढील वाट म्हणजे ‘ओपीटी’, अर्थात ऐच्छिक प्रत्यक्ष प्रशिक्षण. ही परवानगी विद्यापीठ देत नाही. विद्यापीठाच्या शिफारशीनंतर विद्यार्थ्याने केंद्र शासनाच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे अर्ज करावयाचा असतो. अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत हा अर्ज करता येतो. परवान्याचे ओळखपत्र हाती येण्यास काही महिने लागू शकतात, आणि ते येऊन त्यावरील तारीख उजाडेपर्यंत पगार ठरलेला असूनही घरी बसावे लागते. मुदत एकंदर बारा महिन्यांची. त्या काळात कामाविना गेलेले दिवस ९० हून अधिक झाले तर विद्यार्थ्याचा देशात राहण्याचा आधारच जातो. काम शिकलेल्या विषयाशी संबंधित असले पाहिजे, हेही बंधन आहे.

आता वित्तशास्त्राची खरी अडचण ध्यानात येईल. पुष्कळ विद्यापीठांचा वित्तशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा किंवा त्याहूनही थोडा कमी असतो. ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी पुढील मे महिन्यात पदवीधर होतो. मध्ये उन्हाळ्याची सुटी येतच नाही, त्यामुळे सुटीतील उमेदवारीही नाही. शुल्क वाचते म्हणून एका वर्षाचा अभ्यासक्रम पसंत करणारे पालक अनेक आहेत. ती बचत कोठून होते याची त्यांना कल्पना दिली गेलेली नसते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर सुटी येते आणि सीपीटीही मिळू शकते. तथापि मोठ्या बँका उमेदवार निवडतात ते वर्षभर, कधी त्याहूनही आधी. नगरहून गेलेल्या विद्यार्थ्यास वसतिगृहाची खोली मिळते न मिळते तोच अर्जांच्या मुदती संपत आलेल्या असतात.

अर्जातच एक प्रश्न छापलेला असतो: आज किंवा भविष्यात तुम्हास नोकरीच्या व्हिसासाठी आमच्या प्रायोजकत्वाची गरज लागेल काय? सीपीटीवरील उमेदवारासाठी मालकास शासनाकडे काही शुल्क भरावे लागत नाही. परंतु उमेदवार घेताना त्याची नजर कायमच्या नोकरीवर असते आणि ती नोकरी पुढे ‘एच-१बी’ या व्हिसावर अवलंबून राहते. प्रायोजकत्व न देण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मालकास आहे. म्हणून खरे उत्तर दिल्याने पुष्कळांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूस पडतात. खोटे उत्तर देणे हा अर्थातच त्यावरील उपाय नव्हे. वर्षास मिळणाऱ्या एच-१बी व्हिसांची मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार आहेत. मागणी याहून कितीतरी अधिक असल्याने निवड सोडतीने होत आली. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने या सोडतीत अधिक वेतनाच्या जागांना झुकते माप दिले. त्यापूर्वी १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बारा महिन्यांसाठी लावले. अमेरिकेतच राहून विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांस ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. पण अशा बातम्यांचा परिणाम खुलाशाच्या आधीच होऊन जातो.

एका संकेतांकाचे महत्त्व

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांस ओपीटीची मुदत वाढवून मिळते. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ पासून ती २४ महिन्यांची आहे. म्हणजे एकूण तीन वर्षे हाती येतात आणि एच-१बीच्या सोडतीत दोन-तीनदा नाव घालता येते. वाढीव काळासाठी मालकाने शासनाच्या ई-व्हेरिफाय या नोंदणीपद्धतीत असणे आणि लेखी प्रशिक्षण आराखडा देणे आवश्यक असते.

वित्तशास्त्र या यादीत आहे काय? याचे उत्तर पदवीच्या नावावर नव्हे, विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमास दिलेल्या वर्गीकरण-संकेतांकावर अवलंबून असते. सर्वसाधारण वित्तशास्त्राचा संकेतांक यादीत नाही. वित्तीय गणित आहे, अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र आहे. जानेवारी २०२२ मध्ये जी २२ क्षेत्रे नव्याने घालण्यात आली, त्यांत वित्तीय विश्लेषणाचा समावेश आहे. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विद्यापीठांतील जवळजवळ सारख्याच अभ्यासक्रमांपैकी एकाचा विद्यार्थी तीन वर्षे काम करू शकतो व दुसऱ्याचा एकच वर्ष. हा संकेतांक आय-२० वर छापलेला असतो आणि तो कागद विद्यार्थ्याच्या हाती व्हिसाच्या मुलाखतीपूर्वीच येतो. त्यापूर्वी विद्यापीठास पत्राने विचारले तरी तो कळतो. अकरावी-बारावीस गणित सोडलेल्या वाणिज्य विद्यार्थ्यास मात्र अशा शाखांचे दार अवघड जाते. विषय निवडतानाच त्यास हे सांगणे शिक्षकांच्या हाती आहे.

ब्रिटनमधील व्यवस्था निराळी आहे. तेथे पदवी पातळीवरील विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्यास २० तास आणि सुटीत पूर्णवेळ काम करता येते. परंतु एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळा हा प्रबंधलेखनाचा, म्हणजे सत्राचाच काळ मानला जातो. बँकांची उमेदवारी नेमकी त्याच महिन्यांत असते. पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर जुलै २०२१ पासून दोन वर्षे मिळू लागली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांस, पीएच.डी. वगळता, दीड वर्षच मिळावयाचे आहे. त्यापुढील कुशल कामगार व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून वार्षिक वेतनाची सर्वसाधारण किमान मर्यादा ४१,७०० पौंड करण्यात आली. नवख्या पदवीधरांस तीत काही सूट आहे. जर्मनीने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या कामाचे दिवस वर्षास १२० वरून १४० पूर्ण दिवसांवर नेले. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली उमेदवारी त्यांत धरली जात नाही. असे निर्बंध केवळ परदेशी आहेत असेही नव्हे. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासही भारताच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि उमेदवारीसाठी आपल्याकडेही निराळा इंटर्न व्हिसा आहे.

कर्जाचे घड्याळ

इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेनुसार शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. ओपीटीची मूळ मुदतही एक वर्षाचीच आहे. म्हणजे कामाचा परवाना संपणे आणि पहिला हप्ता येणे या गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दहा टक्के व्याजाने ४० लाख रुपये घेतले. सारी रक्कम आरंभीच उचलली आणि सरळ व्याज धरले, तर तीन वर्षांत व्याजच १२ लाख होईल. या ५२ लाखांची १५ वर्षांत फेड करावयाची तर मासिक हप्ता सुमारे ५६ हजार रुपये येतो. डॉलरमधील पगारावर तो जड नाही. नोकरी भारतात घेऊन तो फेडणे मात्र नवख्या पदवीधरास झेपणारे नसते, आणि मग भार येतो तो घरावर.

साडेसात लाखांवरील कर्जास या योजनेत तारण लागते. शेतजमिनीवरील तारणहक्क २००२ च्या वसुली कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने बँका तिच्याऐवजी घर वा बिनशेती भूखंड मागतात. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा उतारा हा कर आकारणीचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेखाली गावठाणाची मोजणी झाली असेल तेथे मिळकत पत्रिका उपयोगी पडते. सरपंचाकडे वा ग्रामसेवकाकडे पालक येतात ते याच टप्प्यावर. अभ्यासक्रम किती वर्षांचा, त्याचा संकेतांक कोणता, मध्ये उन्हाळा येतो की नाही, हे तीन प्रश्न तेथेच विचारले गेले तर घर तारण ठेवण्यापूर्वी विचारास अवधी मिळतो. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास कर्जाची चिंता कमी असली, तरी परवान्याचे नियम त्यालाही तेच आहेत.

अडचणीत सापडलेल्यास आडवाट दाखविणारे दलालही आहेत. पहिल्याच दिवसापासून पूर्णवेळ कामाची परवानगी देऊ, अशी जाहिरात करणाऱ्या संस्थांविषयी विशेष सावध राहावयास हवे. मिशिगन राज्यात ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ या नावाने चालणारी संस्था हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेच लावलेला सापळा होता. तेथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. शुल्क मात्र घेतले जात होते. जानेवारी २०१९ मध्ये प्रथम ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते आणि वॉशिंग्टन येथील आपल्या राजदूतावासास त्यांच्या साहाय्यार्थ चोवीस तासांची दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली.

याउलट एक सरळ वाट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुटीत मायदेशी येऊन मुंबईतील बँकेत किंवा गुंतवणूक संस्थेत उमेदवारी केली तर त्यास अमेरिकेच्या कामाच्या परवान्याची गरज नसते. तिकडील बँकेतील उमेदवारीइतके तिचे वजन नसेल, परंतु अनुभवपत्रातील जागा रिकामी राहत नाही. निघण्यापूर्वी आय-२० वर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही घ्यावी लागते. शिक्षण चालू असताना ती एक वर्ष चालते. परतीच्या दिवशी व्हिसाची मुदत शिल्लक आहे की नाही, हे मात्र तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.