एकावन्न पायऱ्यांची शिडी

2023 च्या जुलै महिन्यात माझे एक जुने स्नेही आपल्या कन्येच्या पदवीदान समारंभासाठी पुण्याहून इंग्लंडला गेले होते. तीन वर्षांची फी त्यांनी घर गहाण ठेवून भरली होती, आणि घरातील सारी माणसे त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसली होती. समारंभ यथासांग पार पडला; काळे झगे घातलेल्या मुलामुलींची नावे पुकारली गेली, टाळ्या वाजल्या, छायाचित्रे निघाली. सभागृहाबाहेर आल्यावर मुलीने हातातील जाड पुठ्ठ्याची घडी उघडली, तेव्हा प्रमाणपत्राच्या जागी तिला एक पत्र मिळाले. शेवटच्या वर्षाच्या काही उत्तरपत्रिका आणि प्रबंध अद्याप तपासले गेले नसल्याने पदवीचा वर्ग निश्चित करता येत नाही, तो यथावकाश कळविण्यात येईल, असा त्याचा आशय होता. परतल्यावर त्या पत्राची प्रत माझ्यापुढे ठेवून स्नेह्यांनी विचारले, “तिथल्या मास्तरांच्या पगाराचा आणि माझ्या मुलीच्या पदवीचा संबंध काय?” प्रश्न संतापाने विचारलेला होता, पण उत्तर मिळण्याच्या योग्यतेचा होता, आणि ज्याने हयातभर महाविद्यालयात शिकविले त्याने तरी तो टाळणे बरे नव्हे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडील अध्यापकाचा पगार कसा ठरतो, हे प्रथम आठवावे. केंद्राचा वेतन आयोग बसतो, त्याच्या मागोमाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशी येतात, पुढे राज्य सरकारचा शासन निर्णय निघतो, आणि मधल्या वर्षांचा फरक थकबाकी म्हणून हाती पडतो; दोन आयोगांच्या दरम्यान महागाईने होणारी झीज महागाई भत्ता थोडीफार भरून काढतो. ब्रिटनमधील विद्यापीठसेवकाला असा आयोगही नाही आणि असा भत्ताही नाही. भाकरीचा दर वाढो वा घरभाडे वाढो, त्याची भरपाई म्हणून जे काही मिळायचे ते दरवर्षी वाटाघाटीच्या टेबलाशी बसून मिळवावे लागते, आणि ज्या वर्षी तिथे काही मिळाले नाही त्या वर्षीची झीज पुढील प्रत्येक वर्षाच्या पगारात कायमची मुरते. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे अर्ध्या-एका टक्क्यासाठी तिथे एवढा कलह का माजतो, याचा उलगडा होतो.

या टेबलाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. विद्यापीठीय अध्यापकांचा संघ तिथे 1919 मध्ये स्थापन झाला. 1970 च्या दशकात वाटाघाट दोन टप्प्यांत होत असे: पहिल्या समितीत विद्यापीठे आणि अध्यापकसंघ आपसांत विचारविनिमय करून एकमत घडवीत, आणि ते एकमत घेऊन दुसऱ्या समितीत सरकारच्या प्रतिनिधींसमोर बसत. ज्याच्या तिजोरीतून पैसा यायचा तो पक्षही अशा रीतीने समोर हजर असे. पुढे ती पद्धत मोडली. 1999 मध्ये सर मायकेल बेट यांच्या समितीने उच्च शिक्षणातील वेतन आणि सेवाशर्ती यांवर अहवाल दिला, त्यानंतर 2001 मध्ये आजची संयुक्त वाटाघाट समिती अस्तित्वात आली. तिच्यात एका बाजूला विद्यापीठांच्या मालकपक्षाची मध्यवर्ती संस्था बसते आणि दुसऱ्या बाजूला पाच कामगार संघटना: अध्यापकांची यूसीयू, कार्यालयीन आणि इतर सेवकांमध्ये बळ असलेल्या युनिसन, युनाइट व जीएमबी, आणि स्कॉटलंडची ईआयएस. सुमारे 140 संस्था या टेबलावरील निर्णय मान्य करतात. तसे करण्याची सक्ती मात्र कोणत्याही कायद्याने केलेली नाही. सारा व्यवहार स्वेच्छेचा आहे, आणि म्हणूनच तो नाजूकही आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत मोलाचे अपत्य म्हणजे 51 पायऱ्यांची एकच वेतनशिडी. 2004 च्या सुमारास झालेल्या करारानुसार सफाई कामगार, ग्रंथालयातील सहायक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, कचेरीतील कारकून आणि वर्गात शिकविणारा अधिव्याख्याता हे सारे एकाच शिडीवर उभे करण्यात आले. केवळ सर्वोच्च हुद्द्याचे प्रोफेसर आणि बडे अधिकारी तिच्याबाहेर राहिले. एका पायरीपासून दुसरीपर्यंतचे अंतर सुमारे तीन टक्क्यांचे. कोणत्या कामाला कोणत्या पायऱ्या द्यायच्या हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरविते. सबंध शिडी दरवर्षी किती उचलायची, एवढेच राष्ट्रीय टेबलावर ठरते.

ही उचल ठरण्याचा क्रम जवळजवळ पंचांगासारखा बांधलेला आहे. संघटना आपापसांतील मतभेद मिटवून एक संयुक्त मागणीपत्र तयार करतात. वसंतात बैठकांच्या फेऱ्या होतात. मालकपक्ष पहिला देकार देतो, मग दुसरा, आणि अखेरीस ज्याला ‘अंतिम’ म्हणायचे तो. 1 ऑगस्टपासून नवे दर लागू व्हावेत अशी अपेक्षा असते. एकमत झाले नाही तर वाद निवारणाची ठरलेली प्रक्रिया आहे, समेट घडविणाऱ्या अ‍ॅकास या तटस्थ संस्थेची मदत घेता येते. आणि तिथेही न जुळल्यास मालकपक्ष आपला अंतिम देकार एकतर्फी लागू करतो.

टेबलावरचे तंटे बाहेरच्या माणसाला शब्दच्छल वाटतात, परंतु त्यांपैकी प्रत्येकाच्या मुळाशी पोटाचा प्रश्न आहे. पहिला तंटा महागाई कशाने मोजायची हा. संघटना किरकोळ किमतींच्या जुन्या निर्देशांकावर बोट ठेवतात, मालकपक्ष ग्राहक किमतींच्या निर्देशांकाचा आधार घेतो. ऑक्टोबर 2022 मध्ये पहिला 14.2 टक्के सांगत होता आणि दुसरा 11.1. दुसरा तंटा वार्षिक वेतनवाढीचा. सेवेच्या वर्षागणिक सेवक जी पायरी चढतो, ती मालकाच्या जमाखर्चात वाढच होय. परंतु ती त्याच्या वाढत्या अनुभवाचा मोबदला आहे, महागाईची भरपाई नव्हे, आणि जो आपल्या श्रेणीच्या माथ्यावर पोहोचला त्याला ती मिळतच नाही, असे संघटना सांगतात. मला हे म्हणणे सयुक्तिक वाटते.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत उद्‌बोधक तंटा टक्का की ठोक रक्कम हा. वर्षाला 20,000 पौंड मिळविणाऱ्या सफाई कामगाराला आणि 60,000 मिळविणाऱ्या ज्येष्ठ अध्यापकाला पाच टक्के वाढ दिली, तर एकाच्या पदरात 1,000 पडतात आणि दुसऱ्याच्या 3,000. बाजारात दूध मात्र दोघांना एकाच भावाने घ्यावे लागते. समान टक्का हा दिसायला निःपक्षपाती असला तरी शिडीच्या टोकांतील अंतर तो दरसाल वाढवीत जातो. यावर उतारा म्हणून 2011 मध्ये सर्वांना सरसकट 150 पौंडांची वाढ देण्यात आली होती. आणि 2023 च्या देकारात खालच्या पायऱ्यांना आठ टक्के व वर चढत जाता पाच टक्के अशी उतरती मांडणी होती. तरीही देशाचे कायदेशीर किमान वेतन इतक्या वेगाने वर आले, की शिडीच्या तळाच्या काही पायऱ्या त्याखाली बुडाल्या आणि त्या गाळून टाकाव्या लागल्या.

आता आकड्यांची मालिका पाहावी. 2008 मध्ये पाच टक्के वाढ मिळाली होती. त्यानंतर 2009 मध्ये अर्धा टक्का, 2012 आणि 2013 मध्ये प्रत्येकी एक टक्का, 2019 मध्ये 1.8, महामारीच्या 2020 सालात शून्य, 2021 मध्ये दीड. महागाई शिखरावर असताना 2022 चा देकार होता तीन टक्क्यांचा. 2009 पासून पगाराचे खरे मूल्य सुमारे चतुर्थांशाने घटले, असा यूसीयूचा दावा आहे; मालकपक्षाला ते मोजमाप मान्य नाही, पण घट झालीच नाही असे म्हणणे कोणालाही कठीण जावे. याच्या जोडीला मुदतबंद नेमणुका, तासांवर पगार घेणारे अध्यापक, वाढते कामाचे ओझे आणि स्त्रीपुरुषांच्या वेतनातील तफावत हे प्रश्नही मागणीपत्रात आले. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे तरुण अध्यापक ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना या मागण्यांमागची वेदना समजावून सांगावी लागणार नाही.

संप करणेही तिथे सोपे नाही. टपालाने मतपत्रिका पाठवून मतदान घ्यावे लागे, आणि 2016 च्या कायद्यानुसार निम्म्या सभासदांनी मत दिले नाही तर बहुमत कितीही मोठे असले तरी ते निरर्थक ठरे. 2022 च्या शरदात यूसीयूने देशभराचे मतदान एकत्र मोजण्याचा धोका पत्करला आणि तो फळास आला. मतदान करणाऱ्यांपैकी 81 टक्क्यांनी वेतनासाठी संपाला संमती दिली. नोव्हेंबरात तीन दिवस 150 विद्यापीठांत काम थांबले, पुढल्या फेब्रुवारीपासून संपाचे दिवस पुन्हा जाहीर झाले, अ‍ॅकासच्या दालनात बोलणी झाली, मध्येच संप स्थगित झाला, आणि तरीही वेतनाच्या आकड्यावर जुळले नाही. तेव्हा 20 एप्रिल 2023 पासून 145 संस्थांत गुणदान आणि मूल्यमापन यांवर बहिष्कार सुरू झाला.

अध्यापकाने व्याख्यान दिले नाही तर विद्यापीठाची गाडी कशीबशी चालते. त्याने उत्तरपत्रिकेवर गुण लिहिले नाहीत तर ती जागच्या जागी थांबते. त्याच्या हातातील हेच सर्वांत परिणामकारक शस्त्र, आणि त्याचा घाव बसतो तो मालकाच्या आधी विद्यार्थ्याला. मालकपक्षाचे प्रतिशस्त्रही तितकेच कठोर होते: करारातील कामाचा काही भाग नाकारणाऱ्याची उरलेली सेवा स्वीकारण्यास आपण बांधील नाही, या कायदेशीर भूमिकेवरून अनेक विद्यापीठांनी बहिष्कार चालू असेतोवर दररोजचा निम्मा, तर काहींनी पूर्ण पगार कापला. सप्टेंबरच्या प्रारंभी बहिष्कार मागे घेतला गेला. त्यानंतरच्या मतदानात निम्म्या सभासदांचीही मते पडली नाहीत, आणि एवढ्या मोठ्या झुंजीनंतर वेतनाचा आकडा होता तिथेच राहिला. आपल्या वाचकांना या सर्वातून 2013 ची आठवण येईल. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत महाराष्ट्रातील अध्यापकांनी एमफुक्टो या आपल्या संघटनांच्या महासंघाच्या हाकेवरून परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हा त्यांचा एक प्रमुख प्रश्न होता, आणि इथेही मधल्यामध्ये भरडली गेली ती मुलेच.

दोन्ही देशांत एक फरक मात्र आहे. आपल्याकडे अध्यापकाला निदान ठाऊक असते, की आपली फिर्याद सरकारविरुद्ध आहे. इंग्लंडमध्ये सरकार टेबलाशी नसते, पण टेबलावर काय ठेवता येईल हे बव्हंशी तेच ठरविते. देशातील विद्यार्थ्यांची फी 2012 मध्ये 9,000 पौंड झाली, 2017 मध्ये 9,250, आणि तिथेच 2025 पर्यंत गोठून राहिली. त्या वर्षी ती 9,535 झाली, पण त्याच वर्षी मालकांनी भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा दर 13.8 वरून 15 टक्क्यांवर गेला. मधली तूट विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या भारी फीने भरून काढली. माझ्या स्नेह्यांचे कर्ज कोणत्या खळग्यात पडले, हे यावरून कळावे. 2025 चा वेतनदेकार 1.4 टक्के होता. मालकपक्ष रिकामी पेटी दाखवितो, संघटना इमारतींवरील खर्च आणि कुलगुरूंचे पगार दाखविते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. तथापि, ज्याने पेटीची लांबीरुंदी ठरविली त्याला जाब विचारणारे कोणी तिथे नसते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की ती एकच शिडी आणि ते एकच टेबल मोडू देऊ नये. ज्या दिवशी प्रत्येक विद्यापीठ आपल्यापुरता सौदा करू लागेल, त्या दिवशी श्रीमंत विद्यापीठातील अध्यापकाचे कदाचित बरे चालेल, पण गरीब विद्यापीठातील सफाई कामगाराला कोणीही वाली उरणार नाही. ते टेबल टिकवायचे तर विद्यापीठांचे ताळेबंद दोन्ही पक्षांसमोर उघडे मांडले पाहिजेत, आणि पन्नास वर्षांपूर्वीप्रमाणे सरकारलाही समोर आणून बसविले पाहिजे.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. मुलीची पदवी तोवर टपालाने घरी आली होती, वर्गही चांगला मिळाला होता. त्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले. “त्या उन्हाळ्यात मी विद्यापीठाला पाच पत्रे लिहिली,” ते म्हणाले, “एक तिथल्या शिक्षणमंत्र्यांना लिहायला हवे होते.”