चेक इंजिन लाइट लागली? कॅनिस्टर बदलायच्या आधी हे बघा

दुकानाच्या डिलिव्हरीला पेट्रोल गाडी असेल तर हे वाचाच. स्कॅनर लावला, पी०४५५ किंवा पी०४५६ कोड आला आणि मेकॅनिक म्हणाला, "कॅनिस्टर गेला, बदलावा लागेल." थांबा! कोड पार्टचं नाव सांगत नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठेतरी गळतेय, एवढंच सांगतो. ०४५५ म्हणजे मोठी गळती, ०४५६ म्हणजे अगदी बारीक.

आधी टाकीचं झाकण बघा. आतलं रबर तडकलंय का? झाकण टकटक वाजेपर्यंत फिरवा, कोड पुसा, नेहमीसारखी गाडी चालवा. दोन दिवस लाइट आली नाही म्हणून खूश होऊ नका, गाडी ही तपासणी रोज करतेच असं नाही. आठवडा जाऊ द्या.

पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्टिंगचा त्रास होतो? मग संशय पर्ज व्हॉल्ववर. इंजिन बंद आणि थंड असताना, मोकळ्या जागेत व्हॉल्व काढा (जवळ उदबत्तीसुद्धा नको). तोंडाने फुंकू नका. नळी लावून सायकलच्या पंपाने हळूच हवा मारा. करंट नसताना हवा आरपार गेली, तर व्हॉल्व उघडाच अडकलाय. तोच बदला.

आणि पंपावर नॉझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणणं बंद करा. जादाचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं, आतला कोळसा भिजतो आणि मग कॅनिस्टर खरंच बदलावा लागतो.