बरो हाय स्ट्रीटवरचा जॉर्ज

लंडन ब्रिज स्टेशनाबाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागलं की डाव्या हाताला इमारतींच्या रांगेत एक बोळ लागतो. आत शिरल्यावर मोकळा चौक, आणि चौकाच्या उजव्या अंगाला विटांच्या भिंतीवर एकावर एक असे दोन लाकडी सज्जे. जुन्या पुणेरी वाड्यात चौकाभोवती सज्जा फिरतो, तसाच हाही एके काळी फिरत होता. आता उरली आहे ती फक्त दक्षिणेची बाजू. हा जॉर्ज इन. घोडागाड्यांच्या काळातला, सज्जे असलेला असा पब अख्ख्या लंडनमध्ये हा एकच शिल्लक आहे.

सदर्क भागातल्या या एका रस्त्यावर अशा मुक्कामाच्या जागांची दाटी का झाली, याचं उत्तर थेम्स नदीत आहे. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये खुला झाला. तोवर लंडन शहरात नदी ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता आणि त्याचे दरवाजे रात्री बंद होत. केंट, कँटरबरी, डोव्हरकडून उशिरा आलेल्या माणसाला नदीच्या अलीकडे, सदर्कमध्येच, रात्र काढावी लागे. पहाटे निघणारेही आदल्या रात्री इथेच येऊन टेकत. घोड्यांना तबेला, मालाला कोठार, माणसाला जेवण, बियर आणि बिछाना, असा हा धंदा. जॉन स्टो याने १५९८ मध्ये लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात या रस्त्यावरच्या अशा जागा नावानिशी दिल्या आहेत. त्यात जॉर्ज आहे. शेजारचा टॅबर्ड आहे, जिथून चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीला निघतात. व्हाइट हार्टही आहे. डिकन्सच्या कादंबरीतल्या पिकविकला सॅम वेलर भेटतो तो तिथेच.

१६७६ च्या आगीत सदर्कमधली सुमारे पाचशे घरं जळाली. जॉर्जही जळाला. तो तेव्हा मार्क वेलँड नावाचा भाडेकरू चालवत होता. पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, जुन्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली, आणि आज दिसते ती तीच. शेक्सपिअर इथे येऊन बसत असे, असं हौसेनं सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही, आणि ही इमारत तर त्याच्या मृत्यूनंतर ६१ वर्षांनी बांधलेली. डिकन्सने मात्र ‘लिटल डॉरिट’मध्ये जॉर्जचं नाव घेतलं आहे, त्याच्या वडिलांना कर्जापायी ज्या मार्शलसी तुरुंगात डांबलं होतं, तो इथून पायी काही मिनिटांवर. पण या बड्या नावांपेक्षा मला जॉर्जच्या मालकीणबाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. नवरा गेला की परवाना आणि गल्ला दोन्ही बायकोने हातात घ्यायचे, ही इंग्लंडच्या पबांची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस स्कोलफील्ड या बाईंनी जॉर्ज असाच सांभाळला. गाड्यांची गर्दी त्यांनी पाहिली आणि ती ओसरतानाही पाहिली.

त्या गर्दीची एक खूण खालच्या बारमध्ये भिंतीवर आहे. हे मोठ्या तबकडीचं घड्याळ. गाडीची वाट पाहणारे उतारू जिथे बसत, तिथेच ते टांगलेलं आहे. १७९७ मध्ये पंतप्रधान पिट यांनी घड्याळांवर कर बसवला. घरातल्या घड्याळाला वर्षाला पाच शिलिंग, सोन्याच्या खिशातल्या घड्याळाला दहा. लोकांनी घड्याळं घेणंच सोडलं, घड्याळजी बुडाले, आणि वर्षभरातच कर मागे घ्यावा लागला. भिंतीवरची अशी मोठी घड्याळं त्याआधीपासून होती, पण तेव्हापासून त्यांना ‘पार्लमेंट क्लॉक’ म्हणू लागले. गाडी वेळेवर सुटते की नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून तबकडी एवढी मोठी. या घड्याळावरूनच त्या खोलीचं नाव पार्लमेंट बार.

१८३६ मध्ये लंडन ब्रिजला रेल्वे आली. ज्या वाटेला घोडागाडीला पूर्ण दिवस लागे ती काही तासांवर आली, मग मुक्काम कोण करणार? टॅबर्ड १८७०च्या दशकात पाडला गेला, व्हाइट हार्ट १८८९ मध्ये. जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने विकत घेतला आणि तिनेही १८८९ मध्येच मालाच्या डेपोसाठी त्याच्या दोन बाजू जमीनदोस्त केल्या. दक्षिणेची बाजू का वाचली? माझ्या मते, तिथे धंदा चालू होता म्हणून. १८७८ पासून अमेलिया मरे तो चालवत होत्या, पुढे त्यांची मुलगी अ‍ॅग्नेस. निम्मा चौक डोळ्यांदेखत पाडला गेला तरी मायलेकी जागा सोडून गेल्या नाहीत. खोल्या भाड्याने देत राहिल्या, जेवण वाढत राहिल्या. अ‍ॅग्नेस मरे १९३४ मध्ये वारल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३७ मध्ये, तेव्हाच्या रेल्वे कंपनीने ही वास्तू जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. भाडं भरणारं कोणी नसतं, तर ट्रस्टपर्यंत पोचायला इमारत उरली असती असं वाटत नाही.

ट्रस्टने जागेचं संग्रहालय केलं नाही, हे फार चांगलं झालं. आज ग्रीन किंग ही बियर कंपनी पब चालवते. मूळ काम अजूनही तळघरातच आहे. इंग्लंडची पारंपरिक बियर कारखान्यातून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं, आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पार पडतो. पिंप आलं की ते हलणार नाही असं आडवं बसवायचं. वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो. वेग मंदावला की ती काढून घट्ट लाकडाची खुंटी बसवायची, नाहीतर बियर बेचव होते. गाळ तळाशी बसेपर्यंत कुणी पिंपाला धक्का लावायचा नाही. तळघर अकरा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं, नळ्या नियमित धुवायच्या. वर काउंटरवर हँडपंपचा दांडा ओढला की ग्लासात येते ती बियर, वायूचा दाब न देता. पहिला ग्लास ओढून वास घ्यायचा, उजेडासमोर धरून पाहायचं, चव घ्यायची, मगच विक्री.

या बियरची एक अडचण आहे. पिंपाला तोटी लावून विक्री सुरू झाली की हवा आत जाऊ लागते, आणि तीन दिवसांत ते संपलं नाही तर आंबूस लागतं. कमी गिऱ्हाइकाच्या जागेला ती परवडतच नाही. जॉर्जला परवडते. पलीकडे बरो मार्केट आहे, मागे गाइज हॉस्पिटल, शेजारी स्टेशन. ऊन असलं की लोक चौकातल्या बाकांवर ग्लास घेऊन बसतात, पाऊस आला की आत बुटक्या छताखाली दाटी करतात, आणि तळघरात पुढचं पिंप तोटी लावण्याजोगं झालेलं असावं लागतं.